आधी मूळ, मग दात

रविवार, ३० ऑगस्ट १९८७

कॉलेजचं फिजिक्सचं जर्नल अर्धं कोरं पडलं होतं, त्यात आजपासून लिहितो. तोंडानं बोलायची सोय उरली नाही म्हणून.

खालची आळी विरुद्ध वरची आळी, पावसातली फुटबॉल मॅच. दुसऱ्या हाफमध्ये वरच्या आळीच्या बॅप्टिस्टनं मला पायात पाय घालून पाडलं. मी उठलो आणि त्याची कॉलर धरली. खरं सांगायचं तर (इथे तरी खरं सांगतो) त्यानं पाडलं नव्हतं, मीच घसरलो होतो. पण हे मला कॉलर धरल्यावर आठवलं, आणि चारशे माणसांसमोर धरलेली कॉलर सोडायची कशी? मी त्याला एक दिली, त्यानं मला एक दिली. माझी त्याच्या खांद्यावर बसली, त्याची माझ्या तोंडावर. वरचा, पुढचा, उजवीकडचा दात मुळासकट बाहेर.

अर्धा तास चिखलात शोधला. ओळखायला सोपा होता, सोड्याच्या बाटलीचं बूच दातानं उघडायच्या पैजेत त्याचा कोपरा मागेच उडाला होता. पण मिळाला नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे सालोमी तिथे होती. बॅप्टिस्टची बहीण. शाळेत पहिलीची टीचर आहे. तिच्यासाठी मी दोन वर्षं चर्चमध्ये मिस्साला वेळेवर जातोय, हे फक्त देवाला आणि मला माहीत. मी इथे रक्त थुंकतोय आणि बाई गोलपोस्टपाशी वाकून चिखलातून काहीतरी उचलतायत. रुमाल पडला असेल. माणूस पडला तरी चालेल, रुमाल पडता कामा नये!

तरी मी हाक मारली. तोंडातून आलं, "थालोमी!"

सगळी वरची आळी हसली. तीपण हसली. मग मात्र पदरानं डोळे पुसत होती. एवढं काय हसायचं?

मंगळवार, १ सप्टेंबर

संध्याकाळी बँडची प्रॅक्टिस. बँडमास्तर म्हणजे माझा सख्खा मामा, फर्डिनंड. मी कॉर्नेट (ट्रम्पेटचा धाकटा भाऊ) वाजवतो. म्हणजे वाजवायचो. ओठ त्याच्या तोंडावर दाबायचे तर मागे दाताची भिंत लागते. ती नसली की ओठ आत जातो आणि वारा पळतो.

मी फुंकलं. मामानं कान पुढे केला.

"प्लासिड, हा सूर आहे का सायकलची ट्यूब?"

"मामा, थवय होईल हळूहळू."

"थवय झाली तर बँड बंद करीन मी," मामा म्हणाला आणि कॉर्नेट माझ्या हातातून काढून पेटीत ठेवलं. हळूच ठेवलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

शनिवार, ५ सप्टेंबर

आगाशीच्या बाजारात डॉ. रोझलिन मचाडो यांचा दवाखाना आहे. तिशीच्या आत-बाहेरची बाई, पण बोलणं आमच्या हेडमास्तरांसारखं.

"दात कुठे?"

"पडला."

"ते दिसतंय. पडून गेला कुठे?"

"मिळाला नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मुळाला हात न लावता, दुधात बुडवून, पाऊण तासात माझ्याकडे आणला असतास, तर तोच परत बसवून पाहिला असता. पुष्कळदा धरतो."

दूध! आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. मैदानापासून गोठा दहा मिनिटं. म्हणजे कुणीतरी तो दात उचलला नसता तर आज मी कॉर्नेट वाजवत असतो. तो आपोआप गेला नाही, कुणीतरी नेला. आजच्या तारखेला, शाईनं, या पानावर लिहून ठेवतो: ज्यानं माझा दात नेला त्याला मी सोडणार नाही.

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एक, ब्रिज. शेजारचे दोन दात घासायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधला खोटा दात त्यांच्या खांद्यावर टांगायचा. मी नाही म्हटलं. भांडण केलं मी, घासायचं शेजाऱ्यांना? दुसरा उपाय, एका दाताची काढघालीची कवळी. ती घेतो म्हटलं.

रविवार, १३ सप्टेंबर

चर्चबाहेर बॅप्टिस्टला गाठलं. आवाज खाली ठेवून (ठेवला होता, माझी धाकटी बहीण ॲनी नाही म्हणते) म्हटलं, "माझा दात दे."

"काय?"

"तू नेलायस. दुधात घालून पाऊण तासात नेला असता तर परत बसला असता! घरात शोकेसमध्ये ठेवला असशील. दे."

"अरे येड्या, तुझा दात घेऊन मी काय करू, गळ्यात घालू? माझा खांदा अजून वर जात नाही, तो आधी भरून दे!"

सालोमी मागेच उभी होती. चेहरा पांढराफटक. भावाची बाजूसुद्धा न घेता तरातरा निघून गेली. ॲनी घरी येताना म्हणाली, "दादा, तू दुधाचं सगळ्यांना सांगत का फिरतोस? तिला किती वाईट वाटलं."

तिला कशाला वाईट वाटेल? पोरींचं डोकं वेगळंच चालतं.

मंगळवार, २२ सप्टेंबर

शाळेवरून जात होतो. पहिलीचा वर्ग सुटलेला. एका चिमुरडीनं माझ्याकडे बोट दाखवलं, "यांचापण पडलाय!" तिचे स्वतःचे दोन गायब होते. मग सगळा वर्गच ओठ वर करून मला आपापली भोकं दाखवायला लागला.

"तुम्ही कौलावर टाकला का?" चिमुरडी म्हणाली. "टीचरनी सांगितलंय, कौलावर टाकायचा आणि म्हणायचं, जुना घे नवा दे. माझा येतोय बघा."

मी म्हटलं, आमचा हरवला. तिनं माझी इतकी कीव केली की मी तिला खिशातल्या चिंचा देऊन टाकल्या.

रविवार, ८ नोव्हेंबर

लिहायला नको वाटतं, पण लिहितो.

कवळी बसवून महिना झाला होता. 'थालोमी'ची 'शालोमी' झाली होती, म्हणजे प्रगती होती. मामानं आज एका लग्नात वाजवायला घेतलं. नवरा-नवरी चर्चच्या पायऱ्या उतरतायत, बँड उभा, आणि वरचा सूर माझ्याकडे. मी छाती भरली, ओठ दाबले, फुंकलं. सूर बाहेर पडला आणि त्याच्या पाठोपाठ कवळी.

ती पडली साइड ड्रमवर. ड्रमवाला डोळे मिटून वाजवत होता. काड्या चालू, कवळी ड्रमवर नाचतेय, तड-तड-तड, गुलाबी तबकडी आणि तिला एक दात. ते काय आहे हे लोकांना आधी कळलं नाही, नाच मात्र कळला. नवरी हसत हसत पायरीवर बसली. शेवटच्या ठोक्याला ड्रमवाल्यानं डोळे उघडले आणि ओरडून काडीच फेकली.

कवळीचे दोन तुकडे. सालोमी पाहुण्यांत होती. तिनं ते दोन्ही तुकडे उचलून, पुसून, रुमालात बांधून ॲनीकडे दिले. तिला माझ्याकडे बघवलंसुद्धा नाही. संपलं सगळं.

मामा म्हणाला, "पक्का दात येईपर्यंत तू बँडमध्ये नाहीस, भाच्या. मी मामा म्हणून सांगत नाही. मास्तर म्हणून सांगतोय."

शनिवार, १४ नोव्हेंबर

आज मात्र भलतंच ऐकलं.

डॉक्टरांनी तुटकी कवळी पाहिली, पाच मिनिटं हसल्या, मग गंभीर झाल्या. कपाटातून डबी काढली, डबीतून कुपी, कुपीत एक स्क्रू. करंगळीच्या नखापेक्षा थोडा लांब. "हा टायटेनियम धातूचा. जबड्याच्या हाडात बसवायचा. हिरडी वरून शिवून टाकायची आणि थांबायचं. हाड हळूहळू याच्या अंगाला लागून वाढतं आणि त्याला धरतं. नुसतं अडकत नाही, चिकटतं. मग हिरडी उघडून त्याच्यावर खुंटी आणि खुंटीवर चिनी मातीचा दात."

"म्हणजे दात स्क्रूनं फिट करायचा."

"नाही. मूळ बसवायचं. दात नंतर. लोकांची हीच चूक होते, सगळ्यांना आधी दात हवा असतो."

स्वीडनच्या डॉक्टरांनी ही पद्धत शोधली, मुंबईत शिबिर झालं तिथे या शिकून आल्या. आपल्या बाजूला अजून कुणी केलेली नाही. मी पहिला असेन. पुढच्या परिषदेत माझ्या जबड्याचे फोटो दाखवणार, त्या बदल्यात माझ्याकडून एक पैसा घेणार नाहीत.

"मीच का?"

"हाड चांगलं आहे, वय चांगलं आहे. आणि तुझ्यासाठी कुणीतरी तीनदा येऊन विचारून गेलंय, 'दुसरं काहीच नाही का करता येणार' म्हणून."

मामा! वरून फणस, आतून गरे. उगाच नाही आईचा भाऊ.

शनिवार, २१ नोव्हेंबर

मी वालीवला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. कॉलेजात प्रॅक्टिकलच्या सरांशी वाजलं, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं, परत उचललं आणि बाहेर पडलो, तो थेट इथे. स्क्रू म्हणजे माझा विषय. मनात आलं, तिकडून आलेला एकच पीस, त्यात दोष निघाला तर? जेवणाच्या सुट्टीत स्टेनलेसचा रॉड लावला आणि तसाच एक काढला. आटे असे स्वच्छ की आरसा बघावा.

डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी भिंगातून बघितला.

"सुरेख आहे. दाराच्या बिजागरीला लावेन."

"ह्याच्यात वाईट काय?"

"हा तुझ्या हाडाला परका. हाड याच्याभोवती सालीसारखा पडदा धरेल आणि हा कायम हलत राहील. टायटेनियमला हाड परकं मानत नाही. काम कितीही चांगलं असो, प्लासिड, समोरच्यानं आपलं मानलं पाहिजे."

शब्द दाताबद्दल होते. मला भलतीकडेच लागले.

शनिवार, १२ डिसेंबर

झालं! हिरडी सुजलीय, ॲनी म्हणते एका बाजूनं गोबऱ्या गालांचा बिशप दिसतोस.

इंजेक्शननं तोंड बधिर. मग ड्रिल. मला वाटलं होतं घरघराट होईल. पण ड्रिल हळू, अगदी हळू, आणि वरून सतत थंड पाण्याची धार. मी डोळे मोठे केले. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नकोस, हाड तापलं तर मरतं. मेलेलं हाड काहीच धरत नाही. म्हणून पाणी."

घाबरलो नव्हतो, ओळख पटली होती! काळूरामदादा, आमचा लेथचा उस्ताद, खाडीकडच्या गावचा, दिवसातून पन्नास वेळा माझ्या मानेवर ओरडतो: "पानी सोड, प्लासिड, पानी! घाई करून भोक पडतं, पन ड्रिलचं टोक जळतं आनि कामपन बाद!" दोन वर्षं ऐकतोय. ते माझ्या जबड्यालाही लागू आहे हे आज कळलं.

नियम: पाच महिने, म्हणजे मेपर्यंत थांबायचं, कारण वरचं हाड भुसभुशीत. सिगारेट बंद. त्या बाजूनं चावायचं नाही. कॉर्नेटला ओठ लावायचा नाही. दिसायला हलकी कवळी, काम शून्य. आणि शेवटचा नियम त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितला: "तोंडावर एक जरी ठोसा बसला तर स्क्रू गेला. मी दुसरा बसवणार नाही."

सोमवार, १४ डिसेंबर

पेज. शिजवलेलं रताळं, कुस्करून. पेज. आई म्हणते हे रताळं आपल्याकडचं नाही, ॲनी कुठूनतरी डबा आणते. ॲनीच्या मैत्रिणी चांगल्या आहेत.

रविवार, १० जानेवारी १९८८

आज काळा दिवस. नाही, अर्धा काळा.

मामानं माझ्या जागी फ्रेडरिकला घेतलं. गल्फमध्ये नोकरी, तीन महिन्यांच्या सुट्टीवर आलाय, घड्याळात तारीख-वार दिसतो. वाजवतो बरा. कळलं ते असं की कॉर्नेट नुसतं निमित्त. त्याच्या घरून सालोमीला मागणी आलीय.

डोक्यात जाळ झाला. सरळ वरच्या आळीत गेलो. सालोमी विहिरीवर होती.

"तू त्याला हो म्हणणार?"

"कोण विचारतंय?"

"मी."

"तू कोण?"

काय सांगणार? दोन वर्षांचं दोन वाक्यांत सांगितलं. शालोमी-शालोमी करत सांगितलं. ती हसली नाही.

"आई म्हणते, तो मुलगा वाईट नाही," मग ती म्हणाली. "आणि तू म्हणजे कुणाच्याही कॉलरला हात. माझ्या भावाचा खांदा डिसेंबरपर्यंत दुखत होता, प्लासिड."

"त्यानं माझा दात…"

"माहितीय मला दाताचं!" एवढी का तडकली कोण जाणे. मग हळू म्हणाली, "डॉक्टरांनी मेपर्यंत थांबायला सांगितलंय ना? मीपण घरी मेपर्यंत थांबा म्हणते. तोवर तू कुणावर हात उगारला नाहीस, तर मी तुझं नाव आईपुढे काढीन. उगारलास तर तुझा स्क्रूपण गेला आणि मीपण."

घागर उचलली आणि गेली. डॉक्टरांच्या अटी हिला इतक्या तपशिलात माहीत कशा?

मंगळवार, ९ फेब्रुवारी

काहीच होत नाही. दुखत नाही, खुपत नाही. जिभेनं चाचपून बघतो, नुसती हिरडी. आत तो धरतोय की सुटतोय? सालोमीचंही तसंच. समोरून जाते, मान खाली. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "जीभ लावू नकोस. धरत असेल तर आवाज करत नाही."

कॉलेज सोडलं, कारण निकालाची वाट बघवत नव्हती. हे आज पहिल्यांदा लिहितोय. सर तसे वाईट नव्हते.

रविवार, ३ एप्रिल. ईस्टर

मिस्सानंतर बँड. मी गर्दीत, हात खिशात. फ्रेडरिकचं वाजवून झालं, माझ्याजवळ आला. परवा परत जातोय म्हणे. कॉर्नेट माझ्यापुढे धरलं.

"घे, वाजव ना. की कवळी सांभाळायला माणूस ठेवू?"

चार जण हसले. मी हात खिशातच ठेवले.

"बरं झालं दात पडला. तुझ्यासारख्याच्या तोंडाला दार नसलेलंच बरं. मेमध्ये मी खास रजा काढून हो ऐकायलाच येणार आहे. तूपण ये. बघायला."

मूठ खिशातून बाहेर आलेली मला कळलीच नाही. वर गेलेली कळली. बॅप्टिस्ट समोर उभा, मामा समोर उभा, लांब बायकांच्या घोळक्यात सालोमी. आणि कानात काळूरामदादा ओरडला: पानी सोड!

मी वळलो, चर्चच्या विहिरीवर गेलो, भरलेली बादली उचलली आणि ईस्टरच्या नव्या शर्टासकट स्वतःच्या डोक्यावर ओतली. मग दुसरी. तिसरी ओतताना फादर धावत आले, "प्लासिड! काय हे?"

"हाड तापलं होतं, फादर."

फादर म्हणाले, "तुझ्या नावाचा लॅटिनमध्ये अर्थ शांत असा आहे, ठाऊक आहे ना?" म्हटलं, आजच लागू झाला.

घरी जाताना बॅप्टिस्टनं मागून येऊन त्याचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

शनिवार, ७ मे

डॉक्टरांनी हिरडी जराशी उघडली. मग एक बारीक धातूची दांडी घेतली. "आता फक्त ऐकायचं. सुटलेला असेल तर भद्द वाजतो."

आधी शेजारच्या दातावर ठोकलं: ठक्. मग त्याच्यावर.

टिंग!

स्वच्छ, उंच, लांब. जबड्यातून थेट कानात. मी खुर्चीत उठूनच बसलो. "एफ शार्प!"

"काय?"

"सूर आहे डॉक्टर, एफ शार्प! पुन्हा वाजवा!"

त्यांनी पुन्हा वाजवला. मग तिसऱ्यांदा, आता त्यांच्या स्वतःसाठी. डोळ्यांत पाणी होतं बाईंच्या. त्यांचाही पहिलाच ना. मला वाटत होतं भीती मला एकट्यालाच आहे.

दात दोन आठवड्यांनी.

शनिवार, २१ मे

बसला. शेजाऱ्यांच्या रांगेत असा उभा आहे की जुना कोणता आणि नवा कोणता ते आईलाही सांगता येईना. कोपरा पूर्ण आहे, एवढाच फरक. डॉक्टर म्हणाल्या, सोड्याचं बूच दिसलं की माझा चेहरा आठवायचा.

मामाकडे गेलो. त्यानं पेटी उघडून कॉर्नेट दिलं, "एकच सूर, हलका." फुंकलं. मामा पेटीतलं फडकं शोधायला लागला, बराच वेळ शोधत होता. मी म्हटलं, "मामा, डॉक्टरांकडे तीनदा गेलास, त्याबद्दल…"

"मी? मी त्या बाईला अजून पाहिलेलंही नाही."

रविवार, २२ मे

सकाळी बॅप्टिस्ट दारात. "आमची कौलं चाळायचीत, पाऊस आला जवळ. माझा जोडीदार कामणला गेलाय. आई म्हणाली तुला बोलाव. चढता येतं ना, की त्यालापण स्क्रू लागतो?"

थेरेसा काकींनी, म्हणजे सालोमीच्या आईनं, मला बोलावलं! एरवी मला बघून कोंबड्या आत घेणाऱ्या त्या.

एकेक कौल काढायचं, शेवाळ खरवडायचं, फुटकं बाजूला, धड परत बसवायचं. बॅप्टिस्ट आढ्याच्या पलीकडे, मी अलीकडे. दहाच्या सुमाराला एक कौल उचललं आणि त्याच्या खाचेत काहीतरी पांढरं दिसलं. खडा म्हणून उडवणार होतो.

दात. कोपरा उडालेला.

आधी वाटलं, बॅप्टिस्ट! मग ती चिमुरडी आठवली. टीचरनी सांगितलंय, कौलावर टाकायचा. मग गोलपोस्ट. वाकलेली सालोमी. रुमाल. माझ्यासारख्या हुशार माणसाला नऊ महिने लागले.

आणि खोटं कशाला लिहू, डोकं तापलं. पाऊण तास! दोन म्हशी! हिनं दात उचलून छपरावर फेकला आणि मी पेज पीत बसलो, बँडमधून हाकलला गेलो, जबड्याला भोक पाडून घेतलं. उन्हानं कौल पोळत होतं, हातात दात, आणि आत तोच जुना जाळ.

"सालोमी," मी ओरडलो, "पाणी दे!"

ती शिडीवर चढून आली, वळचणीपर्यंत, हातात तांब्या. मी आधी पाणी प्यायलो. सगळं. उरलेलं डोक्यावर. मग मूठ उघडली.

तिनं बघितलं आणि शिडी घट्ट धरली.

"हा इथे कसा?"

"टाकला मी," ती म्हणाली. "पोरांचा येतो नवा."

"मी बावीस वर्षांचा आहे!"

"वागत होतास सात वर्षांचा. मला काय कळणार?"

तिचे डोळे भरून आले. "दुधाचं मला नव्हतं माहीत, प्लासिड. तू चर्चबाहेर ओरडत होतास तेव्हा कळलं. मग डॉक्टरांकडे गेले, तर म्हणाल्या काही नाही करता येत. परत गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी ती डबी दाखवली."

"आणि रताळी?"

"आमच्या वाडीतली."

मी दाताकडे बघितलं. काळपट, लहानसा, मूळ सुकून गेलेलं. ह्याच्यासाठी मी लोकांच्या कॉलरी धरत फिरलो.

"टाकताना काय म्हणालीस?"

"जुना घे, नवा दे."

"एवढंच?"

"आणि म्हटलं, जमलं तर डोकंपण बदलून दे."

मला हसू आलं. नव्या दातानिशी, पहिल्यांदा, तोंड भरून. आढ्यापलीकडून बॅप्टिस्ट म्हणाला, "कौलं चाळताय की रोझरी म्हणताय?"

"घरी माझं नाव कधी काढणार?" मी हळूच विचारलं. "मे संपत आला."

ती दोन पायऱ्या उतरली होती. थांबली. "काढल्याशिवाय आई तुला छपरावर चढू देईल? फ्रेडरिकच्या घरी पत्र गेलं मागच्याच आठवड्यात."

"सालोमी!" मी म्हटलं.

ती चमकून वर बघायला लागली. 'थ' नाही, 'श' नाही. पूर्ण, सरळ, खणखणीत 'सा'. तिनं परत म्हण म्हटलं. मी परत म्हटलं. बॅप्टिस्ट म्हणाला, अरे कळलं रे, दात आला.

दात मी त्याच खाचेत ठेवला आणि वर नवं कौल बसवलं. पावसाला अवकाश आहे, पण ती जागा गळणार नाही.

घरी येऊन ५ सप्टेंबरचं पान काढून वाचलं. ज्यानं माझा दात नेला त्याला मी सोडणार नाही. शाईनं लिहिलंय, तारखेसकट. आता लिहिलेलं खोडणार थोडंच?

नाही सोडणार.